दाटीतले आश्रित आणि आपला निषेध



साथ आली म्हणजे आपणांस पहिला उपदेश होतो तो असा: घरी राहा, एकमेकांपासून दूर राहा. उपदेश योग्यच आहे. परंतु तो पाळावयास आधी घर लागते, आणि त्या घरात दूर होण्याइतकी जागा लागते. ज्यांच्यापाशी ही दोन्ही नाहीत त्यांच्यासाठी, ज्यांच्यापाशी ती आहेत अशा आपण काय करावे, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत.

'निर्वासित' या शब्दाचा कायद्यातील अर्थ मर्यादित आहे. १९५१ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे, छळाच्या भयाने स्वदेश सोडून आलेला तो निर्वासित. या अर्थाने आपल्या सातारा-सांगलीकडे निर्वासित फारसे दिसावयाचे नाहीत. परंतु परक्या मुलखात, दुसऱ्याने दिलेल्या जागेत, दुसऱ्याच्या मर्जीने राहणारा माणूस तो आश्रित, असे म्हटले तर असे आश्रित दर हिवाळ्यात आपल्या कृष्णाकाठी येतात. ते म्हणजे ऊसतोड कामगार.

दिवाळीच्या सुमारास बीड, नगर, जालना या भागांतून कोयत्यांच्या जोड्या मुकादमाची उचल घेऊन निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, बरोबर कच्चीबच्ची. कारखान्याच्या आसपास माळावर त्यांच्या कोप्या पडतात. बांबू, पाचट आणि वर ताडपत्री. माणसाने वाकून आत शिरावे एवढी उंची. चूल, धान्य, अंथरूण आणि लेकरे सगळी त्यातच. एका कोपीला लागून दुसरी. पाण्यासाठी साऱ्यांची एकच रांग.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. हंगाम संपत आला होता. गावाकडे म्हातारी माणसे वाट पाहत होती. पण रस्ते बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद. काही ठिकाणी तोडही चालूच राहिली, कारण साखर ही आवश्यक वस्तू ठरली होती. अखेर १७ एप्रिलला राज्य शासनाने आरोग्यतपासणी करून या मंडळींना गावी जाऊ देण्याचे ठरविले. ३८ कारखान्यांच्या आवारांत मिळून सुमारे १ लाख ३१ हजार कामगार अडकले आहेत, असा आकडा तेव्हा शासनानेच सांगितला. तीन आठवड्यांहून अधिक काळ एवढी माणसे कोप्यांत राहिली आणि आपण त्यांच्याच उसाची साखर चहात घालून घरी बसलो.

दाटीला आम्ही एवढे महत्त्व का देतो? करोनाचा विषाणू श्वासावाटे, बोलण्या-खोकण्यातून, कोंडलेल्या हवेत पसरतो. रोगी वेगळा निजविता आला तर साखळी तुटते. पण वेगळे निजविण्यास दुसरी खोली पाहिजे. जर्मनीत एल्वांगेन येथे निर्वासितांचे एक निवासस्थान होते. तेथे एप्रिल २०२० मध्ये सहाशेच्या आसपास रहिवाशांपैकी अडीचशेंहून अधिक जणांना लागण झाल्याचे आढळले. खोल्या सामायिक, शौचालये सामायिक. मग रोगही सामायिक झाला. ही माणसे बेशिस्त होती म्हणून असे झाले नाही. त्यांच्या राहण्याची रचनाच तशी होती.

ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. १८९६ पासूनच्या प्लेगात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर विरळ झोपड्या घालून राहत. त्यांनी मोकळी जागा हेच औषध मानले. १८९७ चा साथरोग कायदा त्याच काळातला. तोच २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. कायदा तत्काळ आठवला. मोकळी जागा मात्र सर्वांच्या वाट्यास आली नाही.

आश्रितांना जागा देणे अशक्यच असते, असे कोणी म्हणेल तर त्याने कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे स्मरण करावे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक स्त्रिया आणि मुले. बराकी होत्या खऱ्या, पण कुटुंबागणिक वेगळ्या खोल्या होत्या. शाळा होत्या, दवाखाना होता. महायुद्धाच्या ओढाताणीतही हे साधले. तेव्हा अडचण केवळ पैशाची नसते. या माणसांना आपण कोण समजतो, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आता निषेधाचा विचार करू. संविधानाच्या १९ व्या कलमाने शांततेने, निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आपणांस दिला आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. साथीत गर्दीवर बंदी हा वाजवी निर्बंध होय, हे आम्हांस मान्य आहे. पण मग अडकलेल्यांनी बोलावे कोठे? १४ एप्रिल २०२० रोजी मुंबईत वांद्रे स्थानकापाशी हजारो मजूर गावी जाण्यासाठी जमले आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन परतले. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांच्यासाठी दुसरे कोणी आधी पुरेसे मोठ्याने बोलले असते, तर त्यांना तेथे जमावेच लागले नसते.

गर्दी न करता बोलता येते. ७ सप्टेंबर २०२० रोजी बर्लिनमध्ये संसदभवनापुढे काही संघटनांनी १३ हजार रिकाम्या खुर्च्या मांडल्या. ग्रीसच्या लेस्बोस बेटावर मोरिया नावाची छावणी होती. सुमारे तीन हजारांच्या सोयीची, पण तीत त्याच्या कितीतरी पट माणसे कोंबलेली. त्यांच्यासाठी आमच्याकडे जागा आहे, असे त्या खुर्च्या सांगत होत्या. दुसऱ्याच रात्री ती छावणी आगीत भस्म झाली. त्यानंतर आठवड्याभरात जर्मन सरकारने ग्रीक बेटांवरील सुमारे दीड हजार निर्वासितांना घेण्याचे ठरविले. मागणीच्या मानाने हे थोडे. पण काहीच नाही असे नव्हे. त्याच देशाच्या घटना-न्यायालयाने एप्रिलमध्येच निर्णय दिला होता, की साथीचे कारण सांगून सभा सरसकट बंद करता येणार नाहीत. अंतर राखून त्या कशा होतील, हे प्रत्येक वेळी पाहिले पाहिजे.

यावरून आम्हांस तीन गोष्टी सुचतात. पहिली, दाटीविरुद्ध बोलणाऱ्याने स्वतः दाटी करू नये. नाहीतर तोच रोग घेऊन त्यांच्या दारी जाईल. दुसरी, मागणी मोघम नसावी. 'न्याय द्या' म्हटल्याने कोणाची कोपी रुंद होत नाही. शाळेच्या रिकाम्या खोल्या उघडा, पाण्याचे नळ वाढवा, आजाऱ्यास वेगळी जागा द्या, घरी जाऊ इच्छिणाऱ्यास वाहन द्या, असे मोजून मागावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: काय हवे ते आधी त्यांनाच विचारावे. आपण दयेने धान्य पाठवावे आणि त्यांना हवी असावी घरी जाण्याची परवानगी, असे होऊ नये.

२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण दारात आणि गच्चीवर उभे राहून थाळ्या वाजविल्या. अंतर राखूनही सारा गाव एका आवाजात बोलू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्याच दारात, त्याच गच्चीवर, कोप्यांतल्या माणसांसाठी एक फलक धरून उभे राहणे अवघड नव्हते. ते किती जणांना सुचले, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. कोप्या तर दर हंगामात पडतात आणि साथ काही सांगून येत नाही. पुढच्या वेळी आपली दारे उघडी दिसावीत, एवढीच आमची विनंती आहे.