धुराड्यातील कुऱ्हाड

इंग्लंडच्या चेशायर परगण्यात अल्डर्ली एज नावाची एक टेकडी आहे. तिच्या पोटात तांब्याच्या प्राचीन खाणी आहेत. १८७५ साली तेथील जुन्या खोदकामात खाणकामगारांना ओक लाकडाचे एक फावडे सापडले. कालांतराने ते गावातील शाळेच्या भिंतीवर टांगले गेले आणि सर्वांच्या विस्मरणात गेले. त्या शाळेत शिकलेल्या एका मुलाच्या मनातून मात्र ते गेले नाही. पुढे ते अडगळीबरोबर फेकले जाण्याची वेळ आली, तेव्हा त्याने ते मागून घेतले आणि जवळपास चाळीस वर्षे जपून ठेवले. फावड्याचे महत्त्व प्रारंभी कोणी मानले नाही. अखेर १९९० नंतर मँचेस्टर संग्रहालयाच्या पुढाकाराने त्या लाकडाची किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने तपासणी झाली. त्याचा काळ ठरला इसवी सनापूर्वी सुमारे १७५० वर्षे. अल्डर्ली एज येथे कांस्ययुगातही तांबे खणले जात होते, याचा तो भक्कम पुरावा ठरला.

तो मुलगा म्हणजे प्रख्यात इंग्रजी कादंबरीकार अॅलन गार्नर. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘रेड शिफ्ट’ या कादंबरीतही अशीच एक पुरातन वस्तू आहे. मात्र तेथे ती जपली जात नाही, विकली जाते. भौतिकशास्त्र, पुरातत्त्व आणि घराघरांत दडवलेल्या गोष्टी यांची गुंफण असलेल्या या कादंबरीचे मर्म त्या विक्रीत आहे.

जमीन आणि आकाश यांच्यामध्ये

गार्नर यांचा जन्म १९३४ सालचा. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या त्याच परिसरात राहणाऱ्या कारागिरांचे. खापरपणजोबा रॉबर्ट हे पाथरवट होते, तर आजोबा जोसेफ धातुकाम करीत. टेकडीखाली निद्रिस्त असलेल्या योद्ध्यांची दंतकथा त्यांनी आजोबांच्याच तोंडून ऐकली. उच्च शिक्षणासाठी ते ऑक्सफर्डला गेले, परंतु पदवी न घेताच परतले. १९५७ साली त्यांनी गावाबाहेरील एक मध्ययुगीन लाकडी घर विकत घेतले. त्याच वर्षी जवळच्या जॉड्रेल बँक येथे ७६ मीटर व्यासाची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. पायाखाली हजारो वर्षांचा इतिहास आणि समोर अवकाशाचा वेध घेणारी ती तबकडी, अशा जागी बसून हा लेखक लिहीत आला आहे.

तीन काळ, एक दगड

‘रेड शिफ्ट’मध्ये तीन कथा एकमेकींत विणल्या आहेत आणि तिन्ही चेशायरच्या त्याच भूमीवर घडतात. पहिली रोमन राजवटीतली. पलटणीपासून तुटलेले मूठभर सैनिक शत्रूच्या मुलखात जीव वाचवीत आहेत. त्यांच्यातील मेसी या तरुणाजवळ दगडी कुऱ्हाडीचे एक पाते आहे. दुसरी कथा १६४३ सालच्या यादवी युद्धातली. त्या डिसेंबरमध्ये बार्थोम्ली गावच्या चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या डझनभर माणसांची राजाच्या सैनिकांनी कत्तल केली. ही ऐतिहासिक घटना आहे. कादंबरीतील टॉमस आणि त्याची पत्नी मार्जरी त्या कत्तलीतून वाचतात. मेसीच्या काळात मातीत पुरले गेलेले पाते टॉमसला सापडते. विजेबरोबर आकाशातून पडलेला हा दगड घराचे रक्षण करील, या श्रद्धेने ते नव्या घराच्या धुराड्यात बसवले जाते.

तिसरी कथा विसाव्या शतकातली. टॉम आणि जॅन या प्रेमी युगुलाला एका पडक्या घराच्या धुराड्यात तेच पाते मिळते. जॅनला ते अतिशय प्रिय होते. दोघांच्या नात्यातील तीच एक पक्की, हातात धरता येण्याजोगी खूण, असे तिला वाटते. पात्याचा मागचा प्रवास त्या दोघांना ठाऊक नाही. तो केवळ वाचकाला ठाऊक आहे आणि कादंबरीतील व्याकूळता त्यातूनच जन्मते. मेसी, टॉमस आणि टॉम हे तिघेही मनाने दुभंगलेले आहेत. तिघांनाही परक्या काळाच्या सावल्या, निळसर रुपेरी रंगाचे भास दिसतात. त्यांचा अर्थ मात्र कोणालाच लागत नाही.

दूर जाणाऱ्याचा रंग

कादंबरीचे नाव भौतिकशास्त्रातले आहे. मराठीत या संज्ञेला ‘ताम्रसृती’ म्हणतात. प्रकाशाचा स्रोत आपल्यापासून दूर जात असेल, तर त्याच्या लहरी ताणल्या जातात आणि वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूकडे सरकतात. दीर्घिका जितकी दूर तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक, हे एडविन हबल यांनी १९२९ साली मांडले, ते अशाच मोजमापांच्या आधारे. टॉमला आकाशाचा नाद आहे. जॅन परिचारिकेच्या शिक्षणासाठी लंडनला जाते, तेव्हा ठरलेल्या वेळी दोघांनी मृग नक्षत्रातील एकच तारा पाहायचा, असा त्यांचा संकेत असतो. पण ताऱ्याचा जो प्रकाश आपल्याला दिसतो, तो शेकडो वर्षांपूर्वी तेथून निघालेला असतो. दोन माणसे एकाच ताऱ्याकडे पाहत असतानाही एकमेकांपासून दूर सरकत असतात, हे लेखक एका शब्दाचेही स्पष्टीकरण न देता दाखवतो.

त्यांना दूर लोटणारे बळ घरातूनच येते. टॉमचे वडील सैन्यात आहेत आणि कुटुंब कॅरॅव्हानमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहते. तेथे एकांत नाही. विश्वास तर त्याहून नाही. जॅनची पत्रे टॉमची आई परस्पर अडवून ठेवते. जॅननेही एक गोष्ट सांगितलेली नसते: जर्मनीत असताना एका वयस्क पुरुषाशी जडलेला तिचा संबंध. तो उघड होतो आणि टॉमचे मन कडवट होत जाते. याच काळात तो पात्याविषयी शोध घेतो. ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे, पूजेत वाहण्यासाठी घडवलेले असल्याचे त्याला कळते आणि तो ते संग्रहालयाला विकून टाकतो. जॅनला विचारतही नाही. व्यवहार म्हणून पाहिले तर त्यात गैर काही नाही. वस्तू सुरक्षित हाती पडली आणि टॉमला पैसेही मिळाले. पण जॅनला जे गमावल्याचे दुःख होते, त्याची कोणत्याही पावतीवर नोंद नसते.

हिशेबात न बसणारे

येथे फावडे आणि कुऱ्हाड यांतील भेद ध्यानात घ्यावा लागेल. लाकूड एके काळी सजीव असते, म्हणून त्यात कार्बन असतो. विलर्ड लिबी यांनी विकसित केलेल्या आणि त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या पद्धतीनुसार, किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. व्यापारी वाचकांना घटत्या शिल्लकेवरील घसारा परिचित आहे. हा निसर्गाने आकारलेला तसाच घसारा होय. पावणेचार हजार वर्षांच्या लाकडात ढोबळमानाने ६४ टक्के कार्बन शिल्लक राहतो आणि त्यावरून वय काढता येते. दगडाला हा हिशेब लागू पडत नाही. त्याचे वय ठरवायचे तर घडण आणि सापडण्याची जागा यांचाच आधार घ्यावा लागतो. धुराड्यातून काढलेल्या पात्याची घडण त्याचे वय सांगेल. परंतु मेसीने ते का जपले आणि मार्जरीच्या घरात ते कोणत्या आशेने बसवले गेले, हे सांगणार नाही. संग्रहालयाच्या कपाटात पाते पोहोचते, त्याच्याशी जोडलेली माणसे पोहोचत नाहीत.

गार्नर यांनी फावड्याच्या बाबतीत टॉमच्या नेमके उलट केले. फावड्याचा जुना उल्लेख त्यांनी शोधून काढला. खाण, शाळा आणि स्वतःचे घर हा त्याचा प्रवास सांगणारे ते स्वतःच होते. त्या एका वस्तूच्या निमित्ताने पुढे संपूर्ण टेकडीचा शास्त्रशुद्ध अभ्यास हाती घेण्यात आला.

ही कादंबरी सोपी नाही. तीत बहुतांश संवादच आहेत, प्रकरणे नाहीत आणि एका काळातून दुसऱ्या काळात जाताना लेखक पूर्वसूचना देत नाही. युद्धातील क्रौर्याची वर्णने असल्याने ती लहानांच्या हाती देण्याजोगी नाही. परंतु सावकाश, दोनदा वाचणाऱ्या प्रौढ वाचकाला ती भरभरून देते. १९७८ साली बीबीसीने तिच्यावर दूरचित्रवाणीपट काढला. गार्नर यांचे लेखन त्यानंतरही थांबले नाही. २०२२ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांची ‘ट्रीकल वॉकर’ ही कादंबरी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती.

पुस्तक मिटल्यावर नजर आपोआप स्वतःच्या घराकडे वळते. पेढीवरच्या जुन्या चोपड्या, आजीची तांब्याची घागर, पणजोबांचा तराजू यांचा भाव सराफ किंवा जुन्या वस्तूंचा व्यापारी क्षणात सांगेल. ती वस्तू कोणी आणली, कोणत्या प्रसंगी आणली आणि अडचणीच्या काळातही का मोडली नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांखेरीज कोणी सांगू शकणार नाही. ते विचारून एखाद्या वहीत लिहून ठेवण्यास एक निवांत दुपार पुरते. वाटणी किंवा विक्री यांचा विचार त्यानंतरही करता येतो.