नमाज आणि आरोग्य: फायदे कोणते, काळजी कोणती?

"डॉक्टर, मी पाच वेळा नमाज पढतो. मग वेगळा व्यायाम कशाला?" असे अनेक रुग्ण विचारतात. नमाज ही उपासना आहे, पण तिचा शरीराला आणि मनाला फायदा होतो. तो कुठपर्यंत होतो, हे समजून घेऊया.

शरीराला होणारे फायदे

रोजच्या पाच फर्ज नमाजांच्या एकूण 17 रकात होतात. म्हणजे 17 वेळा रुकू आणि 34 वेळा सजदा. यामुळे कंबर, गुडघे आणि घोटे यांची हालचाल होते, मांड्यांचे स्नायू वापरात राहतात. जमिनीवरून उठण्या-बसण्याची सवय उतारवयात फार उपयोगी पडते. तासन्‌तास एका जागी बसणाऱ्यांचे बसणेही मोडते.

मात्र नमाजात हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत. त्यामुळे आठवड्यातून किमान 150 मिनिटे भरभर चालणे हवेच. मशीद जवळ असेल तर चालतच जा.

मनाला होणारे फायदे

ठरलेल्या वेळी काम थांबते, श्वास संथ होतो, मन एका जागी येते. जमातमध्ये चार माणसे भेटतात, एकटेपणा कमी होतो.

पण दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, नमाजातही मन लागत नसेल, तर त्याला ईमानची कमजोरी समजू नका. हे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

ही काळजी घ्या

• मधुमेह: वजू झाल्यावर बोटांमधली जागा कोरडी करा आणि पायाला जखम, फोड आहे का ते पाहा. पाय बधिर असतील तर गरम पाणी घरच्यांकडून तपासून घ्या.
• रक्तदाबाच्या गोळ्या: सजद्यातून सावकाश उठा. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका.
• गुडघेदुखी: जाड, न घसरणारी जानमाज वापरा. दुखणे वाढत असेल तर खुर्ची घ्या.
• डोळे: डोके खाली गेल्यावर डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर सजदा कधी करायचा, हे नेत्रतज्ज्ञांना विचारा.

घरच्यांसाठी

उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर आडवे पडून इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा आजारी माणसाला आहे. अनेक वडीलधाऱ्यांना खुर्चीवर बसणे कमीपणाचे वाटते. हट्टाने उभे राहतात आणि पडतात. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर पुन्हा चालणे कठीण होते. अब्बा-अम्मींना ही मुभा प्रेमाने समजावून सांगा, गरज वाटल्यास इमामसाहेबांनाही बोलायला सांगा.