टॅमॉक्सिफेन आणि बीजकोश : वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या, रजोनिवृत्ती न झालेल्या स्त्रियांत बीजकोश उत्तेजित होऊन इस्ट्रॅडिऑल वाढू शकते व बीजकोशात द्रवयुक्त गाठी होऊ शकतात. पाळी थांबली तरी गर्भधारणा संभवते. हे औषध गर्भास घातक ठरू शकते. म्हणून अनार्तव समजून आर्तवजनन औषधे देण्यापूर्वी गर्भचाचणी व सोनोग्राफी करवून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

एपीएमसी मार्केटच्या मसाला बाजारातून हळद-मिरी आणणाऱ्या औषधविक्रेत्यांनीही सावध असावे. रॉटरडॅम येथील २०१९ च्या अभ्यासात कर्क्युमिनच्या मोठ्या मात्रेने, विशेषतः पिपेरिनसह, टॅमॉक्सिफेनपासून बनणाऱ्या प्रभावी एंडॉक्सिफेनचे रक्तातील प्रमाण घटलेले आढळले. स्वयंपाकातील हळदीचा हा प्रश्न नाही. कॅप्सूल देताना मात्र चालू औषधे अवश्य विचारावीत. टॅमॉक्सिफेन बंद करण्याचा सल्ला आपण देऊ नये. रुग्णेस तिच्या कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे.