काँक्रीटमध्ये लाकडाचा भुसा : किती, कसा आणि कोठे?



आमचे काम उसाचे. पण लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसात येणारे सभासद हल्ली वाळूचीच चौकशी जास्त करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली लहान क्षेत्रातील वाळू उपशालाही पर्यावरण परवानगीची अट घातली. नदीची वाळू आता पूर्वीसारखी सहज मिळत नाही. मग कोणी विचारतो, "साहेब, सॉ मिलवर भुशाचे ढीग पडलेत. वाळूऐवजी तोच घातला तर?"

घालता येतो, पण बेताने. दहा पाट्या वाळू लागत असेल तर नऊ पाट्या वाळू व एक पाटी भुसा, एवढेच प्रमाण ठेवावे. भुसा वाढवला की काँक्रीट हलके होते, पण ताकदही झपाट्याने उतरते.

खरी अडचण वेगळीच आहे. लाकडात साखरेचा अंश असतो आणि साखर ही सिमेंटची वैरीण! ५० किलोच्या पोत्यामागे अवघी २५ ग्रॅम साखर गेली तरी सिमेंट घट्ट व्हायला काही तास उशीर लागतो. १०० ग्रॅमच्या पुढे गेली तर माल कच्चाच राहण्याचा धोका. जुने गवंडी चुन्याच्या घाणीत गूळ घालीत, ते चुन्याला मानवायचे, सिमेंटला नाही. म्हणून काकवीचे किंवा मळीचे पिंप बांधकामाच्या पाण्यासाठी मुळीच वापरू नये.

भुसा असा तयार करावा :

१) चाळून साली व ढलप्या काढाव्यात.
२) उकळत्या पाण्यात भिजवून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावा.
३) चुन्याच्या निवळीत भिजवून निथळावा.
४) ओलसर असतानाच मिसळावा. कोरडा भुसा मालातले पाणी पिऊन टाकतो.

हा माल घरातल्या कोरड्या जागी, वजन न पेलणाऱ्या आडभिंतीच्या ठोकळ्यांसाठी वापरावा. स्लॅब, तुळई, खांब, लिंटेल, पाण्याची टाकी यांत चिमूटभरही नको. गोठ्याच्या जमिनीतही नको. ओल धरून भुसा फुगतो, सुकला की आकसतो.

आधी दोन ठोकळे पाडावेत, एक भुशाचा व एक साधा. पाणी मारून २८ दिवसांनी दोन्ही फोडून पाहावेत. फरक डोळ्यांना दिसेल.

दोन पाट्या वाळू वाचते म्हणून डोक्यावरचे छत धोक्यात घालू नये, एवढीच आमची कळकळीची विनंती.