पडद्याच्या कडेला रक्त पोचत नाही तेव्हा

आजच्या आजाराचं नाव जरा लांबलचक आहे: फॅमिलियल एक्झुडेटिव्ह व्हिट्रिओरेटिनोपथी, थोडक्यात एफईव्हीआर. क्रिसविक आणि शेपन्स या डॉक्टरांनी १९६९ साली त्याची नोंद केली. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे मला तो नेटवर्कसारखा समजला.

डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तोवर त्या साधारण कडेला पोचतात. एफझेडडी४, एलआरपी५ अशा जनुकांत बिघाड असला की त्या अर्ध्यातच थांबतात. कडेच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही, मग तो भाग 'व्हीईजीएफ' नावाचं प्रोटीन सोडतो. म्हणजे एकच मागणी पुन्हा पुन्हा: रक्त पाठवा! नव्या वाहिन्या येतात, पण कच्च्या. त्या गळतात, त्यांच्याभोवती व्रण धरतो, आणि तो व्रण पडद्याला ओढून जागेवरून सोडवू शकतो.

मग उपाय काय? मुख्य उपाय लेझर. गंमत म्हणजे लेझर रक्त नसलेल्या त्या कडेवरच मारतात. तो भाग निकामी झाला की मागणी थांबते आणि मधली, कामाची नजर वाचते. व्हीईजीएफला अडवणारं इंजेक्शनही देतात, पण जपून; कारण वाहिन्या आक्रसताना ओढ वाढू शकते. पडदा सुटलाच, तर मोठं ऑपरेशन. तेव्हा गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही. म्हणून सगळा खेळ वेळेचा आहे.

अडचण अशी, की लहान मूल 'मला दिसत नाही' असं सांगत नाही. एक डोळा चांगला असला तर घरात कुणाला पत्ताही लागत नाही. तिरळेपणा किंवा फ्लॅशच्या फोटोत बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर लगेच डोळ्यांचे डॉक्टर गाठा. कारण वेगळंही असू शकतं, पण थांबू नका.

आणि एका मुलात हा आजार सापडला, तर भावंडं आणि आईबाबा सगळ्यांचेच डोळे तपासून घ्या. नेहमीच्या आनुवंशिक प्रकारात सदोष जनुक प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. आईला किंवा बाबांना काहीच त्रास नसतो, तरी हातातल्या शिरेतून रंग सोडून काढलेल्या फोटोत कडेच्या अर्धवट वाहिन्या दिसू शकतात. लेझर झालं म्हणून तपासणी संपत नाही. ती आयुष्यभर चालू ठेवायची.

भेटू पुढच्या भागात!