मानसिक संकटातील रुग्णाचा पहिला तास

छातीत कळ आली की नातेवाईक रुग्णाला तत्काळ रुग्णालयात आणतात. परंतु घरातील तरुण मुलगा तीन रात्री झोपलेला नाही, एकटाच बोलतो, आईच्या हातच्या अन्नात विष आहे म्हणून ताट दूर सारतो, तेव्हा मात्र शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दार लावून घेतले जाते. अखेर तो आमच्या आकस्मिक विभागात येतो तो बहुधा हातपाय बांधलेल्या अवस्थेत. हा विलंब रुग्णाला फार महागात पडतो.

असा रुग्ण ‘मानसिक’ म्हणून आणला जातो. तथापि मूळ कारण मनातच असते असे नाही. रक्तातील साखर वा सोडियम उतरणे, मेंदूज्वर, डोक्याला लागलेला मार यांमुळेही माणूस असंबद्ध बोलतो, अंगावर धावून येतो. रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास दोन-तीन दिवसांत त्याला भास होऊ शकतात, आणि उपचारांविना ही अवस्था प्राणावर बेतू शकते. म्हणून साखर, ताप, नाडी व रक्तदाब प्रथम पाहावा, हा आमचा आग्रह. वृद्ध व्यक्तीचे वागणे एका दिवसात पालटले असेल, तर तो अधिकच.

त्यापुढचे काम शब्दांचे आहे. एकानेच, हळू आवाजात, थोडे अंतर राखून बोलावे. गर्दी हटवावी. रुग्णाला ऐकू येणारे आवाज खोटे ठरविण्याचा वाद घालू नये. ‘तुम्हाला भीती वाटते आहे, आम्ही येथेच आहोत’ एवढे म्हणावे. पुष्कळदा रुग्ण तेवढ्यानेच खाली बसतो, पाणी मागतो.

विषप्राशनाच्या प्रसंगी पोलिसांच्या भीतीने खरी हकिगत दडविली जाते. कोणते कीटकनाशक, किती वाजता, हे डॉक्टरांना कळलेच पाहिजे. डबा वा बाटली सोबत आणावी. २०१८ साली अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने (२०१७) आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखे सरसकट शिक्षेचे कलम राहिलेले नाही.

याच कायद्यान्वये कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जीवितास धोका असताना ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावी लागते. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या अशा व्यक्तीस कोठडीत ठेवता येत नाही. रुग्णवाहिकाही शारीरिक रुग्णाप्रमाणेच मिळाली पाहिजे. कागदावर हे सारे आहे; रात्री दोन वाजता ते ठाऊक असणारा माणूस क्वचितच भेटतो.

घरी काय करावे हे सुचत नसल्यास १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही सल्ला मिळतो. जीव धोक्यात असल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

आकस्मिक विभागालगत एक शांत खोली हवी, हे आमचे दात्यांकडे मागणे आहे. मंद प्रकाश, बाहेरूनही उघडता येणारे दार आणि नातेवाइकांसाठी एक बाक, एवढीच तिची गरज आहे.