बांधलेल्या केसांचे ग्रूमिंग : दोष कसे शोधावेत

मोकळ्या केसांच्या ग्रूममध्ये लहानसहान चुका लपून जातात. मागे ओढून बांधलेल्या केसांत त्या लगेच दिसतात, कारण येथे प्रत्येक केसाच्या दोन जागा ठरलेल्या असतात : टाळूवरचे मूळ आणि रबरबँड. दोष दिसला की विद्यार्थी बहुधा केसांची संख्या वाढवतात किंवा नॉइज चढवतात. स्थिर चित्रात दोष झाकला जातो. पात्राने मान वळवली की तो पुन्हा उघडा पडतो. म्हणून आधी कारण शोधावे, मग उपाय करावा.

येथे पोनीटेलचे उदाहरण घेतले आहे. मायातील एक्सजेन, हुदिनी किंवा ब्लेंडर, कोणतेही सॉफ्टवेअर वापरले तरी तत्त्वे तीच राहतात.

तपासणीची सुरुवात

क्लम्प, नॉइज, कट हे सर्व मॉडिफायर बंद करा आणि फक्त गाइड पाहा. गाइड म्हणजे आपण स्वतः वळवलेले मोजके वक्र; उरलेले हजारो केस जवळच्या गाइडांच्या भारित सरासरीतून तयार होतात. गाइड बरोबर असतील तर केस दाखवा. दोष अजूनही नसेल तर एकेक मॉडिफायर चालू करत जा. एका वेळी एकच बदल करा.

दोष १ : केस टाळूत बुडतात

हा भूमितीचा प्रश्न आहे. डोके ९ सेंमी त्रिज्येचा गोल माना. गाइडचे लागोपाठचे दोन बिंदू टाळूवर ६ सेंमी अंतरावर असतील आणि त्यांना सरळ रेषेने जोडले, तर ती जीवा मध्यभागी सुमारे ५ मिमी आत जाते. अंतर २ सेंमी केले की ती जेमतेम ०.६ मिमी आत जाते. म्हणून टाळूवरच्या भागात बिंदू वाढवा आणि त्यांना पृष्ठभागापासून किंचित वर ठेवा. हाच हिशोब शेजारच्या दोन गाइडांनाही लागू आहे : त्यांच्या सरासरीतून आलेला केस मध्येच बुडतो. तेथे आणखी एक गाइड हवा.

दोष २ : भांग भरून जातो

भांगाच्या एका बाजूचा गाइड डावीकडे आणि दुसरा उजवीकडे जातो. सरासरीत दोन्ही दिशा एकमेकींना खोडतात आणि केस भांगावरच पडून राहतात. रीजन मॅप रंगवून दोन्ही बाजू वेगळ्या करा, म्हणजे एका बाजूचा केस दुसऱ्या बाजूच्या गाइडचे ऐकणार नाही.

दोष ३ : बांधणीपाशी केस सुईसारखे निमुळते होतात

सर्व गाइड एकाच बिंदूत नेल्याचा हा परिणाम. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. एका केसाची जाडी ०.०७ मिमी धरली, तर ते सर्व अगदी घट्ट बसवले तरी जुडीचा व्यास ०.०७ × √१००००० म्हणजे सुमारे २२ मिमी भरतो. त्यामुळे गाइड बिंदूकडे न नेता दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर्तुळात पसरवून संपवा. वरच्या बाजूचे गाइड वर्तुळाच्या वरच्या भागात, मानेवरचे खालच्या भागात न्या. क्रम बदलला की केस एकमेकांतून आरपार जातात.

शेपटासाठी वेगळा ग्रूम करणे सोपे पडते. रबरबँडच्या आत लहान चकती लपवून त्यावर शेपटाची मुळे ठेवा. चकती डोक्याच्या जॉइंटला जोडा आणि सिम्युलेशन फक्त शेपटाला द्या. अंबाड्यालाही हीच विभागणी चालते.

दोष ४ : कपाळावरची कड टोपीसारखी दिसते

कडेला घनता एकदम शून्यावरून पूर्ण होते म्हणून असे दिसते. डेन्सिटी मॅपची कड हळूहळू विरळ करा आणि आखूड, बारीक केसांचा स्वतंत्र थर द्या. केसांखालच्या त्वचेचा रंग थोडा गडद ठेवला तर विरळ जागा टक्कल वाटत नाही.

सारांश

तपासणीचा क्रम : गाइड, रीजन, बांधणी, घनता, मॉडिफायर आणि शेवटी सिम्युलेशन. आधीची पायरी निर्दोष झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सरावासाठी

१. त्रिज्या ९ सेंमी आणि बिंदूंमधील अंतर ४ सेंमी असताना जीवा किती आत जाईल?
२. दोन वेण्या घातलेल्या पात्रासाठी किती रीजन लागतील? कारण द्या.